स्टिरॉइड घेतलेल्या बाळाची लस लांबवू नका

सातव्या महिन्यातच जन्मलेले बाळ काही आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी येते, तेव्हा दादी-नानी म्हणतात, "किती नाजूक आहे! जरा अंग धरू द्या, मग सुई." त्यात बाळाला स्टिरॉइड दिल्याचे कळले की आईवडीलही बिचकतात. काळजी रास्त आहे. पण लस लांबवणे हा त्यावर उपाय नाही.

स्टिरॉइड दोन वेळी देतात. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता दिसली, तर आईला इंजेक्शन देतात. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिले. या इंजेक्शनांमुळे बाळाची लस पुढे ढकलायची नसते.

जन्मानंतर बाळाचा ऑक्सिजन सुटत नसेल, तर कधीकधी बाळालाच डेक्सामेथासोन देतात. ते फुप्फुसांची सूज उतरवते. पण रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही मंद करते. म्हणून लसीनंतर प्रतिपिंडे कमी तयार होऊ शकतात. ब्रिटनमध्ये अशा बाळांना मेंदूज्वर आणि न्यूमोनियापासून वाचवणारी हिब लस दिली, तेव्हा हेच आढळले. पुढे चौथा डोस दिल्यावर मात्र प्रतिपिंडे चांगली वाढली.

आईची प्रतिपिंडे बाळाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात. लवकर जन्मलेल्याला हा वाटा अपुरा मिळतो. म्हणजे लसीची गरज त्यालाच जास्त.

वय जन्मतारखेपासूनच मोजा. चिल्ला संपला की दोनच दिवसांत ६ आठवडे होतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीत हिब असते. ही लस जिवंत जंतूंची नाही, त्यामुळे स्टिरॉइड चालू असतानाही देता येते. बीसीजी, रोटा, गोवर-रुबेला या जिवंत जंतूंच्या लसी आहेत. जास्त मात्रेचे स्टिरॉइड दोन आठवडे किंवा अधिक चालले असेल, तर त्या कधी द्यायच्या हे बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

लसीला जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. कोणते औषध, किती दिवस, कधी थांबले, हे दाखवा. हिबचा जादा डोस लागेल का, तेही विचारा. दीड ते दोन वर्षांमधला बूस्टर चुकवू नका, आणि घरातल्या मोठ्या भावंडांच्या लसीही पूर्ण करा. डांग्या खोकला पुष्कळदा घरातूनच बाळापर्यंत पोहोचतो.