उन्हाळ्याची सुट्टी प्रयोगशाळेत: भंडाऱ्याच्या मुलामुलींसाठी

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर... कुठल्याही कॉलेजात शिकत असाल, तरी उन्हाळ्यातले दोन महिने खऱ्याखुऱ्या जैववैद्यकीय संशोधनात घालवता येतात. दोन मोठ्या वाटा सांगतो.

🔬 बीएस्सी/एमएस्सीवाल्यांसाठी: बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप. देशभरातल्या शास्त्रज्ञांसोबत काम आणि वर विद्यावेतन. अर्जाची मुदत बहुधा नोव्हेंबरातच संपते. परीक्षा आटोपल्यावर शोधाल तर गाडी सुटलेली असेल!

🩺 एमबीबीएस/बीडीएसवाल्यांसाठी: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) एसटीएस म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप योजना, १९७९पासून सुरू. आपल्याच कॉलेजातला मार्गदर्शक धरायचा, प्रस्ताव पाठवायचा. मंजूर झाल्यावर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा. तो स्वीकारला गेला की विद्यावेतन आणि प्रमाणपत्र.

विषय कुठून आणायचा? आपल्या दारातच आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल आणि हत्तीरोग दोन्ही आहेत. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगावर बरीच वर्षं संशोधन झालंय.

अर्जात "मला संशोधनाची आवड आहे" एवढंच लिहू नका. कोणता प्रश्न पडलाय आणि तो कसा तपासणार, ते लिहा. शिफारसपत्रासाठी सरांना-मॅडमना दिवाळीआधीच गाठा. पात्रता आणि तारखा दरवर्षी अधिकृत संकेतस्थळावर तपासा.

गावाकडच्या एखाद्या हुशार पोरीपर्यंत ही पोस्ट नक्की पोहोचवा.