जुनी दुनळी घेताय? पॉलिश नको, सांधा बघा

कळंब, निमसाखर, वालचंदनगर हा सगळा उसाचा टापू. दाट फडात रानडुकरांना लपायला आयती जागा, आणि शेजारी मका असला की रात्रीतून नासधूस ठरलेली. म्हणून काही घरांत राखणीची बंदूक असते. ती बहुधा बारा बोअरची दुनळी, दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली, आणि बहुधा जुनी. परवानाधारक वारला, मुलांना बंदूक नको असली, की ती विक्रीला निघते. घेणारा मात्र दस्त्याचं पॉलिश आणि नळीवरची नक्षी बघून भाव करतो. शेतकरी बंधूंनो, बैल घेताना तुम्ही शिंगांचा रंग बघता की दात? बंदुकीचे दात म्हणजे तिचा सांधा.

आधी कागद

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे घेणाऱ्याजवळ स्वतःचा परवाना हवा. खासगी विक्री असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. परवानाधारक मयत झाल्यावर बंदूक तशीच माळ्यावर ठेवता येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. पोलीस पाटलांनी ही गोष्ट वारसांच्या कानावर जरूर घालावी.

परवान्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी अंकन् अंक जुळला पाहिजे. नळी कापून आखूड केलेली दिसली तर तो सौदा तिथंच सोडा.

सांधा असा तपासा

प्रथम बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा. ‘रिकामीच आहे’ असं मालक म्हणाला तरी बघा.

मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा. ही गोष्ट बरेच जण करत नाहीत आणि तिथंच फसतात. हे लाकूड नळ्यांना दाबून धरतं, त्यामुळे ढिलाई झाकली जाते. लाकूड काढून बंदूक पुन्हा बंद करा. एका हातात दस्त्याची मूठ, दुसऱ्या हातात नळ्या धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून बघा. हाताला टक्-टक् जाणवली तर बिजागरीची खीळ आणि तिच्यावर बसणारा नळ्यांचा आकडा झिजला आहे. गाडीचं चाक आसावर खेळायला लागतं, तसाच हा प्रकार.

आता बंद बंदूक उजेडासमोर धरा. नळ्यांचं मागचं तोंड आणि ज्या पोलादी भिंतीवर ते टेकतं, त्यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. फट असली तर बार उडताना काडतुसाच्या बुडाला नीट टेकू मिळत नाही. बूड फुटलं तर तापलेला वायू मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे येतो. दर बाराबरोबर ढिलाई वाढतच जाते.

बंदूक उघडायची वरची कळही बोलते. चांगल्या बंदुकीत ती बंद झाल्यावर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबते. रेषा ओलांडून डावीकडे गेली असेल तर आतली अडणी झिजली असे समजा. आकड्यावर हातोडीने ठोकल्याच्या किंवा पत्रा घातल्याच्या खुणा दिसल्या तर ती तात्पुरती मलमपट्टी. थोड्याच बारांत सांधा परत ढिला होणार.

नळ्या आणि चाप

नळ्या सुट्या करून आकड्याला दोरीने टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा आवाज निघाला तर ठीक. बद्द किंवा फुटका आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली असू शकते. उजेडाकडे बघत आतून खड्डे, गंज, पोचे आणि फुगवटा शोधा. फुगलेली नळी नकोच. आतली चकाकी बघून मात्र भुलू नका. गंज घासून काढला की नळी चमकते, पण पातळ होते. जाडी जाणकार कारागिराकडून मोजून घ्या.

जुन्या इंग्रजी बंदुकांची काडतुसाची घरं बहुधा अडीच इंची असतात. आजची पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची काडतुसं त्यात बसतात, पण उडताना पुढचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते. कारागिराने तपासल्याशिवाय आजची काडतुसं घालू नका.

चाप तपासताना नकली काडतुसं घालूनच दाबा. सेफ्टी लावल्यावर कोणताही चाप सुटता कामा नये. दस्त्याच्या मुठीजवळ, लोखंड संपतं तिथं, बारीक तडा आहे का तेही बघा.

ढिला सांधा दुरुस्त होतो, पण तो गावच्या लोहाराचा उद्योग नाही. दुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो. कारागिराकडून खर्च विचारून घ्या आणि तेवढा किमतीतून वजा करा. दुरुस्ती किमतीच्या वर जात असेल तर नमस्कार करून परत फिरा.

आणि बंदूक आली म्हणजे शिकारीची मुभा आली, असे समजू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पिकात शिरलेलं रानडुक्कर मारायलाही लेखी परवानगी लागते. कडबनवाडीच्या माळावरच्या चिंकाऱ्यावर तर नेम धरण्याचा विचारही नको.