रॉकसाइडचे जव

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावरच्या व्हिस्कीच्या आसवन्या बहुधा समुद्राकडे तोंड करून, शुभ्र भिंतींवर आपले नाव ठळक काळ्या अक्षरांत मिरवीत उभ्या असतात; किल्होमन मात्र किनाऱ्यापासून आत, गुरांच्या कुरणांत आणि जवाच्या शेतांत अशी दडलेली आहे की, नवख्या माणसाने तिला एखाद्या सधन शेतकऱ्याचा वाडाच समजावे. अँथनी विल्स यांनी 2005 साली रॉकसाइड नावाच्या शेतावर ती उभारली, तेव्हा त्या बेटावर नवी आसवनी निघून 124 वर्षे लोटली होती.

येथील वैशिष्ट्य असे की, पेरणीपासून बाटलीला बूच बसेपर्यंतचे सारे व्यवहार एकाच आवारात चालतात. इतर बहुतेक ठिकाणी मोड आलेले व वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, कारखान्यातून विकत येते. किल्होमनलाही पुष्कळसे पोर्ट एलनच्या माल्ट-कारखान्यातून आणावे लागतेच. परंतु स्वतःच्या शेतातले जव भिजवून फरशीवर पसरणे, मोडांची जाळी धरू नये म्हणून ते वरचेवर फावड्याने उलथणे, आणि मग पीट या दलदलीतल्या इंधनाचा धूर देऊन वाळवणे, हा जुना खटाटोप तिने सोडलेला नाही. या माल्टाचा अर्क आंबवून झालेले द्रव तांब्याच्या भांड्यांतून दोनदा ऊर्ध्वपातित होते. दुसऱ्या खेपेस आरंभीचा उग्र व अखेरचा जड अंश बाजूला काढून केवळ मधला घेतात. तो ज्या काचेच्या कुलूपबंद पेटीतून वाहतो, तिची किल्ली पूर्वी आबकारी अंमलदाराच्या हवाली असे. जवाचा उरलेला चोथा गुरांना जातो.

आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या द्रव्यात पुष्कळदा उसाच्या मळीचाच मद्यार्क असतो, आणि युरोपचे कायदे त्याला व्हिस्की म्हणू देत नाहीत, हे साखर कारखान्यांच्या मुलखातील वाचकाने येथे आठवावे.

स्कॉटलंडच्या कायद्याने ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरल्यावाचून व्हिस्की हे नाव मिळत नाही, म्हणून किल्होमनची पहिली व्हिस्की 2009 साली बाहेर पडली. वयाचा आकडा पाहून मद्याची प्रतिष्ठा ठरविणाऱ्यांना ती पोरवयाची वाटली असेल. आमच्या मते तो आकडा फाजील पूज्य मानला गेला आहे.

चाखण्याच्या दालनात प्रथम माखिर बे येते. ती मुख्यतः बर्बनच्या आणि थोडी शेरीच्या पिंपांत मुरलेली असून तिच्यात लिंबाची आंबूस तरतरी आणि चुलीवरच्या दुधाला लागावा तसा धूर आहे. केवळ शेरीच्या पिंपांतली लॉख गॉर्म गडद, मनुकांनी भरलेली; जेवणानंतर बरी, आधी जड. उरली ‘100 टक्के आयला’. ही सर्वस्वी रॉकसाइडच्या जवाची. पोर्ट एलनच्या माल्टात धुराचे द्रव्य दशलक्षांशी सुमारे 50, तर हिच्या माल्टात 20 असल्याने धान्याचा गोडवा दबून जात नाही, आणि मद्यार्क 50 टक्के असूनही घशाला ओरखडा पडत नाही. तिघींत तिलाच आम्ही अग्रमान देऊ. तेथे जाणाऱ्याने क्रम मात्र उलटा ठेवावा: आधी ही घ्यावी, धुराच्या दोघी मागाहून; त्या आधी घेतल्यास हिचे जव जिभेला सापडणार नाहीत.