स्वयंऊर्जित जैवसंवेदक

स्वयंऊर्जित जैवसंवेदक हे बॅटरी किंवा बाहेरील वीजपुरवठ्याशिवाय एखाद्या जैवरेणूचे अस्तित्व व प्रमाण दर्शवणारे उपकरण होय. जैवइंधन घट हा त्याचा गाभा असतो. घटाच्या एका इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजसारखे विकर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे जातात व तेथे लॅकेजसारख्या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनचे पाणी होते. अशा एका घटाचा विद्युतदाब एक व्होल्टपेक्षा कमी असतो. यूजीन काट्झ, इटामार विल्नर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या तत्त्वावर ग्लुकोज व लॅक्टेट मोजून दाखवले.

प्रथिनांचे मापन

ग्लुकोज हे स्वतःच इंधन असल्याने त्याचे प्रमाण वाढले की वीज वाढते. प्रथिनाचे तसे नाही. त्यासाठी इलेक्ट्रोडवर विशिष्ट प्रथिनाला धरून ठेवणारे प्रतिपिंड किंवा ॲप्टामर (डीएनए अथवा आरएनएचा लहान तुकडा) बसवतात. प्रथिन चिकटले की इंधनाची व इलेक्ट्रॉनांची वाट अडते आणि वीज घटते. ही घट म्हणजेच मापन.

ग्लुकोज ऑक्सिडेजचे क्रियाशील केंद्र विकराच्या आत दडलेले असल्यामुळे तेथील इलेक्ट्रॉन सहजासहजी इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचत नाहीत. विल्नर यांच्या गटाने २००३ मध्ये १.४ नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण या केंद्राशी जोडून सेकंदाला सुमारे ५,००० इलेक्ट्रॉन वाहून नेले. ग्राफीन व कार्बन नॅनोनलिका यांचा उपयोग मुख्यतः पृष्ठफळ व वाहकता वाढवण्यासाठी होतो.

खानदेशातील संदर्भ

जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या सातपुड्यालगतच्या भागातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. प्राथमिक तपासणीसाठी वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी वाहक व रुग्ण यांत भेद करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते व नमुना प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. पाड्यावरच निदान करणारे, वीज न लागणारे साधन येथे उपयुक्त ठरेल, हे उघड आहे.

परंतु जी वीज संवेदकाला चालवते, तीच त्याचे उत्तरही असते, आणि अडचण नेमकी येथेच आहे. वीज घटली ती प्रथिनामुळे, रक्तातील साखर कमी असल्यामुळे, की विकर निकामी झाल्यामुळे, हे एकटा घट सांगू शकत नाही. म्हणून नमुना धुऊन काढून ठरावीक ग्लुकोजचे द्रावण देतात व शेजारी प्रतिपिंडाविना दुसरा घट तुलनेसाठी ठेवतात. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, तेव्हा विकरे टिकवणे हा प्रश्न वेगळाच. सिकलसेलबाबत तर अडचण दुहेरी आहे: वाहकाच्या रक्तात सामान्य व सदोष अशी दोन्ही हिमोग्लोबिने असतात, त्यामुळे १४६ अमिनो आम्लांच्या साखळीतील एका आम्लाचा फरक ओळखून दोहोंचे परस्परप्रमाण मोजावे लागते.