पडदा काचेच्या आत की बाहेर?

‘पश्चिमेच्या खिडकीला चांगले जाड ब्लाइंड बसवले, तरी दुपारी खोली तापतेच. असं का?’ एका वाचकांचा हा प्रश्न. ब्लाइंड जाड असो की पातळ, तो काचेच्या आत टांगला आहे, खरी अडचण ही आहे.

आडव्या पट्ट्यांच्या या ब्लाइंडचं पेटंट लंडनमध्ये एडवर्ड बेव्हननं 1769 साली घेतलं. इंग्रजांनी त्याला व्हेनिसचं नाव दिलं. फ्रेंच लोक खिडकीच्या अशाच पट्ट्यांच्या झडपांना ‘पर्सियेन’, म्हणजे इराणी, म्हणतात. पट्ट्यांचा कोन हवा तसा बदलण्याचं पेटंट न्यू ऑर्लिन्सच्या जॉन हॅम्पसनचं, 1841 मधलं.

काचेमागे ऊन किती तापवतं, हे पाहायला बेव्हनच्या दोनच वर्षं आधी जिनिव्हात ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञानं काचेच्या पाच पेट्या एकात एक बसवून उन्हात ठेवल्या होत्या. सगळ्यांत आतली पेटी 87 अंश सेल्सियसच्या पुढे गेली! पुढे बुचाचं अस्तर लावलेल्या त्याच्या लाकडी पेटीत तापमानानं शंभरी ओलांडली. ही पेटी तो आल्प्सवरही घेऊन गेला. डोंगरावर हवा पुष्कळ गार, तरी पेटी जवळजवळ खालच्याइतकीच तापली. हरितगृह परिणामाच्या इतिहासात फ्रेंच गणिती फूरियेचं नाव त्याच्या 1824 च्या निबंधामुळे हटकून येतं. त्या निबंधात खुद्द फूरियेनं सोस्यूरच्या पेटीचा आधार घेतला आहे. सोस्यूरचं नाव शाळेच्या पुस्तकात यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

काच ऊन आत सोडते आणि तापलेल्या वस्तूंची अवरक्त किरणं अडवते, म्हणून पेटी तापते, असं आपण शाळेत शिकलो. अमेरिकेतल्या रॉबर्ट वुडला ते पुरेसं वाटेना. 1909 मध्ये त्यानं दोन काळ्या पेट्या घेतल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवाची तेवढ्याच जाडीची पाटी. हो, उपासाला चालतं तेच सैंधव! त्यातून अवरक्त किरणं आरपार जातात. दोन्ही पेट्यांवर सारखं, काचेतून गाळलेलं ऊन पाडल्यावर तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक राहिला. पेटी तापण्याचं मोठं कारण निघालं आत कोंडलेली हवा.

आता आपल्या खिडकीकडे या. ऊन काच ओलांडून ब्लाइंडवर पडतं, पट्ट्या तापतात आणि ती उष्णता खोलीतल्याच हवेला देतात. तोच पडदा बाहेर असता, तर तापला तरी बरीचशी उष्णता वारा घेऊन गेला असता. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात बांबूच्या कामट्यांचे चिकाचे पडदे बाहेरच्या कडेला सोडलेले असत. खिडकीवर ऊन पडायच्या आधीच ते अडवलं जाई. विदर्भात दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत. तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते.

बाहेर चिक लावायला जागा नसेल, तर ब्लाइंडची काचेकडची बाजू पांढरी घ्या. पांढऱ्या पट्टीवरून परतलेला प्रकाश प्रकाश म्हणूनच काचेतून बाहेर जातो. गडद पट्टीत मुरलेल्या प्रकाशाची मात्र खोलीतच उष्णता होते.