महिनाभराचं घर

सुट्टीत परक्या जागी घर भाड्याने घेऊन राहायचं म्हटलं, की आता कोणाला कोकणातला होम-स्टे आठवतो, तर कोणाला परदेशातली एखादी कॉटेज. आम्हा नाशिककरांनी ही गोष्ट फार आधीपासून पाहिली ती देवळाली कॅम्पात. मुंबईची कुटुंबं उन्हाळ्यात तिथे येत, बंगला किंवा सॅनिटोरियममधला ब्लॉक महिन्याच्या बोलीने घेत आणि पाऊस पडायच्या आत परत जात. माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, देवळाली स्टेशनवर टांगा हाकत. १९७८-७९ च्या सुमारास सुट्टीत मी त्यांच्या शेजारी फळीवर बसून असायचो. त्यामुळे ही मंडळी येतात कशी आणि बिऱ्हाड थाटतात कशी, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे.

गाडी थांबली की आधी सामान उतरायचं. होल्डॉल, पत्र्याच्या ट्रंका, स्टोव्ह, पोळपाट-लाटणं, खाखऱ्यांचे डबे, एखाद्या पारशी कुटुंबाबरोबर अंड्यांची टोपली. माणसं घाटातल्या गारव्याने खूश असायची. कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागतात, गाडी रडतखडत इगतपुरीला चढते, तिथे वारा लागतो. देवळालीतही असंच असणार, या समजुतीत ती टांग्यात बसायची आणि भर दुपारी लॅम रोडला लागली की चेहरे उतरायचे. कारण मे महिन्यात आमच्याकडे दुपारचा पारा मुंबईच्या वर असतो. चाळीसलाही टेकतो. "चाचा, हीच का तुमची थंड हवा?" असं कोणीतरी विचारायचंच.

नाना सांगायचे, आज रात्री बघा.

त्यातलं शास्त्र मला पुढे कळलं. सह्याद्री ओलांडताना ढग बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर नाशिकला साधारण सातशे. मधलं अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. शिवाय समुद्र लांब, त्यामुळे हवा कोरडी. कोरडी हवा लवकर तापते, तशी लवकर निवतेही. मुंबईत मे महिन्याची रात्र दिवसाइतकीच चिकट. इथे पहाटे पायाशी चादर लागते. म्हणून नव्या घरात पाऊल टाकल्यावर नानांचं पहिलं सांगणं असे : सकाळी नऊ-दहाच्या आत खिडक्या बंद करा, ऊन उतरल्याशिवाय उघडू नका. मुंबईकरांना हे उलटंच वाटायचं. तिकडे वाऱ्यासाठी दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायची सवय! जो ऐकायचा नाही, तो दुसऱ्या दिवशी ऐकायचा.

मग माळी किल्ल्या आणि यादी घेऊन यायचा. खाटा इतक्या, पातेली इतकी, तवा एक, बादल्या दोन. यादीवर सही झाली की घर महिनाभरासाठी तुमचं. बाई स्वयंपाकघर धुवायला घेत, पुरुष खाटा सरकवून बघत आणि आम्हाला हुकूम सुटायचा, "चाचा, माठ आणा." माठ म्हणजे इथल्या हवेचा मोठा कारागीर. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. दमट मुंबईत वाफच नीट होत नाही, म्हणून तिथला माठ बिचारा कोमट. इथल्या माठातलं पाणी पहिल्यांदा पिताना लहान मुलं दात धरायची. नवा माठ रात्रभर भरून ठेवायचा आणि ते पाणी सकाळी झाडाला घालायचं, हेही नानाच सांगत.

सॅनिटोरियम या शब्दाची मला तेव्हा भीती वाटायची. ती अगदीच खोटी नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, पण त्यावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४४ उजाडलं. तोवर डॉक्टरांच्या हाती कोरडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढंच होतं. स्वित्झर्लंडमधलं दाव्होस या उपचारांसाठी जगभर माहीत होतं. आपल्याकडे पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर सुरू केलं. देवळालीतली बहुतेक सॅनिटोरियमं मात्र नावाने दवाखाना आणि कामाने हवापालटाची घरं. पारशी, खोजा, बोहरी, गुजराती, जैन, सिंधी अशा एकेका समाजाच्या ट्रस्टांनी आपापल्या माणसांसाठी ती बांधली. मराठीत आपण हवापाणी म्हणतो, उर्दूत आबोहवा. दोन्हींत जोडी तीच.

गंमत अशी, की याच हवेत इंग्रज सोल्जर वेडे व्हायचे. मुदत संपलेल्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या बोटीसाठी देवळालीच्या छावणीत थांबावं लागे. बोटी हिवाळ्याच्या दिवसांत सुटत. ती हुकली की अख्खा उन्हाळा बिनकामाचा, आणि घर सात समुद्रांपलीकडे. त्यातून डोकं फिरण्याला त्यांनी नाव दिलं 'डुलाली टॅप'. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला. नुसतं डुलाली उरलं आणि ते आजही इंग्रजीत चक्रम या अर्थाने चालतं. हवा तीच. पण एकाला परतीची तारीख माहीत होती, दुसऱ्याला नव्हती.

२००९ साली अम्मीला न्यूमोनिया झाला. त्यातून उठल्यावर डॉक्टर म्हणाले, जुन्या नाशकातल्या गल्लीतून हिला महिनाभर बाहेर काढा. मला देवळालीच सुचली. एका सॅनिटोरियमच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी चहा दिला आणि नियम सांगितला : फक्त आमच्या समाजासाठी. दुसरीकडेही तेच. आम्ही खोजे नाही, बोहरी नाही. मुसलमान असूनही त्या दारांतले नव्हतो. ट्रस्टचा पैसा ज्यांचा, घर त्यांचं, हे मला पटतं. पण एका खासगी बंगल्याच्या मालकांनी माझं आडनाव ऐकून, रिकामी दिसणारी जागा "कालच गेली" म्हणून सांगितली, ते पटलं नाही. शेवटी एका वृद्ध बाईंनी मागच्या दोन खोल्या दिल्या. त्यांनी एकच विचारलं, "आईंना जिना चढवेल ना?"

ज्या बंगल्यांच्या फाटकापर्यंतच तिच्या वडिलांचा टांगा जायचा, तसल्याच एका फाटकातून अम्मी रिक्षाने आत आली. दम लागलेला, तरी बसेना. खाट भिंतीपासून हातभर दूर घ्यायला लावली, पश्चिमेची खिडकी बंद केली आणि म्हणाली, "माठ कुठाय?" मी थर्मास दाखवला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळी माठ आणला. सकाळी भिंतीला हात धरत ती स्वतः बाहेर गेली आणि ते पहिलं पाणी तिने बोगनवेलीला घातलं.

पूर्वी एक रिवाज होता. मुंबईकर जाताना माठ टांगेवाल्याला देऊन जात. जूनमध्ये नानांच्या ओसरीवर असे सात-आठ माठ रांगेने असत, सगळे दुसऱ्यांनी वापरलेले. एका उन्हाळ्यात माठाची छिद्रं क्षारांनी बुजत जातात आणि पुढच्या वर्षी पाणी तसं गार होत नाही. त्यामुळे अम्मी लहानपणी असल्याच माठांचं पाणी प्यायली होती.

महिना संपला. मी म्हटलं, माठ माळ्याला देऊन टाकू. तिने माळ्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली, माठ रिकामा केला आणि नाशिकपर्यंत रिक्षात मांडीवर धरून बसली.