पोलीस रिव्हॉल्व्हरवरील ओळखचिन्हे
पोलीस दलाच्या सेवेत असलेल्या रिव्हॉल्व्हरचा निर्माता, चाचणी व मालकी दर्शविणाऱ्या, धातूवर ठशाने उमटविलेल्या खुणा. वेब्ली अँड स्कॉट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरवर निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक व बर्मिंगहॅम चाचणीगृहाची (स्थापना १८१३) मुकुटयुक्त चिन्हे आढळतात. रुंद बाणाखालील ‘आय’ हे इंग्रजी अक्षर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची मालकी दर्शविते. दलाने घातलेला शस्त्रागार-क्रमांक निर्मात्याच्या अनुक्रमांकाहून वेगळा असतो. त्यांची गल्लत झाल्यास शस्त्राची नोंद जुळत नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाल्याने तेथील त्यापूर्वीच्या जिल्हावार नोंदी अकोल्याच्या नावे पाहाव्या लागतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह खोडण्यास वा बदलण्यास मनाई आहे. असे शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच चिन्ह खोडले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. ठशामुळे अंकाखालील धातू दबतो व अम्लाने भोवतालच्या धातूहून निराळ्या गतीने झिजतो. त्यामुळे कानशीने घासलेला क्रमांक क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्या विद्रावाने पुष्कळदा पुन्हा दिसू लागतो. दबलेला थरच घासून गेल्यास मात्र तो परत मिळत नाही.